औषध मानवणे आणि औषध बाधणे : तंबाखू सोडविणाऱ्या औषधांचे परिणाम व त्यांची मराठी परिभाषा

तंबाखूचे व्यसन सोडू इच्छिणाऱ्या मनुष्यास डॉक्टर गोळ्या लिहून देतात. दहा-बारा दिवसांनी तो परत येतो, किंवा पुष्कळदा येतच नाही. आणि घरी कोणी विचारले म्हणजे 'ते औषध बाधले, म्हणून बंद केले' असे सांगतो. झोप उडाली, डोके जड झाले, चिडचीड वाढली, शौचास साफ होईना, मळमळू लागले, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार खोटी नसते. परंतु तिच्यातील कोणता त्रास औषधाने झाला, कोणता तंबाखू सुटल्यामुळे झाला आणि कोणता तिसऱ्याच कारणाने झाला, याचा उलगडा 'बाधले' या एका क्रियापदाने होत नाही. तो न झाल्याचे फळ मात्र ठरलेले असते : गोळी सुटते आणि विडी परत येते.

हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. तथापि रुग्णाची तक्रार डॉक्टरांपर्यंत शब्दांतूनच पोहोचते, आणि डॉक्टरांची सूचनाही रुग्णापर्यंत शब्दांतूनच जाते. म्हणून या औषधांच्या परिणामांचे स्वरूप काय, आणि ते वेगळे ओळखण्यास मराठीतील प्रचलित शब्द कितपत उपयोगी पडतात, या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

१. 'धूम्रपान' या शब्दाची मर्यादा

या औषधांना सामान्यतः 'धूम्रपान सोडण्याची औषधे' म्हटले जाते. पहिली अडचण येथेच उद्भवते. २०१६-१७ साली भारतात झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. त्यात धूर ओढणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के होते. धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. दोन्ही प्रकार करणारे काही लोक असल्यामुळे या दोन आकड्यांची बेरीज एकूण प्रमाणाहून थोडी अधिक भरते. म्हणजे महाराष्ट्रातील तंबाखूचे व्यसन हे मुख्यत्वे चुना लावून मळलेल्या तंबाखूचे, गुटख्याचे आणि मिश्रीचे व्यसन होय. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखू-चुना आणि मिश्री यांचा प्रघात मात्र त्यानंतरही टिकून राहिला.

मराठी क्रियापदांनी हे भेद नेमके टिपले आहेत. विडी आणि तपकीर ओढतात, तंबाखू खातात किंवा तिचा बार भरतात, मिश्री लावतात. 'आपण धूम्रपान करता काय?' या प्रश्नास बार भरणारा मनुष्य प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. मिश्री लावणारी स्त्री तर आपण तंबाखूचे सेवन करतो असेही मानीत नाही. तिच्या दृष्टीने ते दात घासणे असते.

नाशिक जिल्ह्यात या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. सिन्नर हे विडी-उद्योगाचे जुने केंद्र. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विडी वळण्याच्या कामावर तेथील अनेक कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, चरितार्थ चालत आला. जेथे तंबाखू हे घरातील कामाचे साहित्य असते, तेथे तिच्याविषयीचे शब्दही घरगुती आणि सलगीचे असतात. शिवाय बागलाण-मालेगावकडे अहिराणी आणि सुरगाणा-पेठ भागात कोकणा बोली बोलली जाते. अशा जिल्ह्यात औषधाच्या वेष्टनातील इंग्रजी पत्रक, किंवा त्याचे संस्कृतप्रचुर मराठी भाषांतर, रुग्णापर्यंत कितपत पोहोचत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

२. औषधे आणि त्यांचे परिणाम

तंबाखू सोडविण्यासाठी प्रचारात असलेल्या औषधांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग निकोटिनचाच. तंबाखूतील इतर घातक द्रव्ये टाळून केवळ निकोटिन थोड्या प्रमाणात द्यावयाचे आणि ते क्रमाने कमी करीत न्यावयाचे, हे त्यामागील तत्त्व. त्वचेवर चिकटवावयाची पट्टी आणि तोंडात धरावयाचा गम ही त्याची परिचित रूपे होत. पट्टीमुळे त्या जागी खाज व लाली येते, आणि ती रात्रभर ठेवली तर काहींना अतिशय स्पष्ट, चमत्कारिक स्वप्ने पडतात. अशा वेळी निजण्यापूर्वी पट्टी काढण्याचा सल्ला देतात. गममुळे उचकी, घशाशी जळजळ, मळमळ आणि जबड्याचे दुखणे हे त्रास संभवतात.

यांतील बराचसा त्रास चुकीच्या वापराने होतो, आणि चुकीचा वापर पुष्कळदा चुकीच्या क्रियापदाने होतो. 'हा गम खा' असे सांगितले की रुग्ण तो भराभर चावतो आणि लाळ गिळतो. गिळलेले निकोटिन पोटात जाऊन उचकी व मळमळ आणते, आणि अपेक्षित उपयोगही होत नाही. कारण ते तोंडाच्या अस्तरातून शोषले जावयाचे असते. योग्य रीत अशी की, गम सावकाश चावावा, तिखटपणा जाणवू लागताच थांबून तो गालाच्या कडेला धरून ठेवावा, चव ओसरली की पुन्हा थोडा चावावा. तंबाखूचा बार भरणाऱ्यास 'बार जसा गालात धरता तसा हा धरा, पण रस गिळू नका' एवढे सांगितले तरी ही सर्व कृती कळते. गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, हेही सांगावे लागते. कारण अशा पेयांनी निकोटिनचे शोषण मंदावते.

दुसरे औषध बुप्रोपिऑन. हे मूळचे खिन्नतेवरील औषध. अमेरिकेत १९८५ साली त्यास मान्यता मिळाली. परंतु काही रुग्णांना झटके आल्यामुळे ते १९८६ साली मागे घेण्यात आले आणि मात्रा कमी करून १९८९ साली पुन्हा आले. तंबाखू सोडविण्यासाठी त्याचा वापर १९९७ साली मान्य झाला. तोंड कोरडे पडणे आणि झोप न येणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत. म्हणून दिवसातील दुसरी गोळी निजण्याच्या वेळेस घ्यावयाची नसते. दोन गोळ्यांत किमान आठ तासांचे अंतर ठेवतात. आणि गोळी फोडून वा चघळून घ्यावयाची नसते, कारण तसे केल्याने सर्व औषध एकदम अंगात उतरते. झटके येण्याचा धोका ३०० मिलिग्रॅमच्या दैनिक मात्रेत हजारी एक एवढा आहे. तो लहान असला तरी ज्यास पूर्वी झटके आलेले आहेत, डोक्यास जबर मार लागलेला आहे किंवा जो दारू एकाएकी सोडीत आहे, त्याच्या बाबतीत तो वाढतो.

येथेही शब्दाचा प्रश्न आहे. 'आपणास अपस्मार आहे काय?' असे विचारल्यास नकारार्थी उत्तर येते. 'लहानपणी कधी आकडी आली होती काय? फेफरे, फिट?' असे विचारल्यास घरातील वडीलधारी बाई चटकन 'हो, एकदा आली होती' म्हणून सांगते. आणि त्या एका उत्तरावर औषध द्यावे की न द्यावे हे ठरावयाचे असते.

तिसरे औषध व्हॅरेनिक्लीन. पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम या झाडात सापडणारे सायटिसिन हे द्रव्य बल्गेरियात १९६४ पासून तंबाखू सोडविण्यासाठी वापरात आहे. त्याच्या रचनेवरून व्हॅरेनिक्लीन तयार करण्यात आले आणि २००६ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंदूतील ज्या ग्राहकांवर निकोटिन जाऊन बसते त्याच ग्राहकांवर हे औषध बसते, परंतु त्यांना अंशतःच चेतविते. कुलपात दुसरी किल्ली घालून ठेवावी, तिने दार थोडेसेच उघडावे आणि मूळ किल्लीस मात्र आत जागा उरू नये, तसा हा प्रकार होय. त्यामुळे तलफ कमी होते, आणि तंबाखू घेतली तरी पूर्वीचा आनंद होत नाही. मात्रा क्रमाने वाढवितात : पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढील चार दिवस अर्धा मिलिग्रॅम दोनदा आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण सामान्यतः बारा आठवडे. तंबाखू सोडण्याचा दिवस बहुधा पहिल्या आठवड्यानंतरचा ठरवितात.

मळमळ हा व्हॅरेनिक्लीनचा सर्वांत अधिक आढळणारा परिणाम. गोळी जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर घेतल्यास ती पुष्कळ कमी होते. स्वप्नांत वाढ, झोपमोड, डोकेदुखी व बद्धकोष्ठ हेही परिणाम आढळतात. औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडत असल्यामुळे मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांस मात्रा कमी द्यावी लागते. मद्याचा अंमल या औषधाबरोबर अनपेक्षित वाढू शकतो, असाही इशारा दिलेला आहे. २०२१ साली मूळ उत्पादकाच्या गोळ्यांत नायट्रोसअमाइन वर्गातील अशुद्ध द्रव्य प्रमाणाबाहेर आढळल्यामुळे त्या परत मागविण्यात आल्या. हा दोष उत्पादनातील अशुद्धीचा होता. पुढे इतर उत्पादकांची गोळी उपलब्ध झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची औषधे २००९ साली आणि इतर दोन औषधे २०२१ साली समाविष्ट झाली. २०२४ च्या मार्गदर्शिकेत संघटनेने सायटिसिनचाही पुरस्कार केला, आणि धूररहित तंबाखू सेवन करणाऱ्यांसाठी निकोटिनची औषधे वा व्हॅरेनिक्लीन यांचा निर्देश केला. ही औषधे केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. त्यागलक्षणे

औषधाचे परिणाम सांगून झाले तरी चित्र अर्धेच राहते. तंबाखू सुटताच शरीर आपली तक्रार स्वतंत्रपणे मांडू लागते. चिडचीड, तगमग, खिन्नता, कशातही मन न लागणे, खा-खा सुटणे, डोळ्यास डोळा न लागणे ही लक्षणे पहिल्या चोवीस तासांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात तीव्र होतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. बद्धकोष्ठ हेही त्यांपैकीच. 'तंबाखूवाचून पोट साफ होत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात पदोपदी ऐकू येते, ते या अनुभवावरूनच. अशा मनुष्याने व्हॅरेनिक्लीन सुरू केले आणि बद्धकोष्ठ झाले, तर दोष केवळ गोळीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

या लक्षणांस 'त्यागलक्षणे' म्हणता येईल. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अपायकारक गोष्ट एकदम न टाकता चतुर्थांशाने कमी करीत जावी असे सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयातील ऋतुचर्येच्या अध्यायात, सवयीच्या वस्तूचा एकाएकी त्याग केल्याने रोग उद्भवतात असे बजाविले आहे. हे दोन्ही ग्रंथ तंबाखूच्या आगमनाच्या शेकडो वर्षे पूर्वीचे आहेत. दख्खनेत तंबाखू पोर्तुगिजांच्या संपर्काने आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेल्याची नोंद प्रसिद्ध आहे. तेव्हा त्या ग्रंथांतील उपदेश तंबाखूस जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. परंतु त्यागाचाही एक त्रास असतो आणि तो उपचाराच्या त्रासाहून वेगळा असतो, ही जाण आपल्या वैद्यकपरंपरेत होती, हे महत्त्वाचे आहे.

हा भेद न ओळखल्यास काय घडते याचे उदाहरण पाश्चात्त्य देशांतच मिळते. व्हॅरेनिक्लीन व बुप्रोपिऑन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता, आक्रमक वृत्ती आणि आत्मघाताचे विचार आढळल्याच्या नोंदी आल्या, आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने दोन्ही औषधांच्या पत्रकांवर चौकटीतील कडक इशारा छापावयास लावला. प्रश्न असा होता की, हे मनोविकार औषधाचे, की तंबाखू सोडल्याचे? त्याच्या निर्णयासाठी सोळा देशांत ८,१४४ व्यक्तींवर परीक्षण झाले व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. व्हॅरेनिक्लीन, बुप्रोपिऑन, निकोटिनची पट्टी आणि औषधरहित गोळी असे चार गट होते. मनोविकाराचा पूर्वेतिहास नसलेल्यांत तीव्र मानसिक त्रासाचे प्रमाण व्हॅरेनिक्लीनच्या गटात १.३ टक्के, बुप्रोपिऑनच्या गटात २.२ टक्के, पट्टीच्या गटात २.५ टक्के आणि औषधरहित गोळीच्या गटात २.४ टक्के आढळले. पूर्वेतिहास असलेल्यांत ते अनुक्रमे ६.५, ६.७, ५.२ आणि ४.९ टक्के होते. दोन औषधांमुळे हा त्रास लक्षणीय प्रमाणात वाढतो असे दिसून आले नाही, आणि २०१६ च्या डिसेंबरात तो चौकटीतील इशारा काढून टाकण्यात आला.

याच परीक्षणातील आणखी एक गोष्ट मननीय आहे. व्हॅरेनिक्लीनच्या गटात मळमळ सर्वाधिक, २५ टक्के लोकांस, झाली. बुप्रोपिऑनच्या गटात निद्रानाश १२ टक्के. पट्टीच्या गटात चमत्कारिक स्वप्ने १२ टक्के. परंतु ज्यांच्या गोळीत औषधच नव्हते त्यांच्यापैकीही १० टक्के लोकांनी डोकेदुखीची तक्रार केली. ते मराठी भाषिक असते तर त्यांनीही 'औषध बाधले' असेच म्हटले असते.

याचा अर्थ मानसिक लक्षणांकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नव्हे. पूर्वी मनोविकार झालेल्यांत त्रासाचे प्रमाण चारही गटांत अधिक होते. 'जीव नकोसा झाला' हे मराठीत उकाड्याविषयीही म्हटले जाते. ते नुसते वाक्प्रचार म्हणून म्हटले आहे की खरोखर त्या अर्थाने, हे घरच्यांनी व डॉक्टरांनी स्पष्ट विचारून घेतलेच पाहिजे.

४. तिसरे कारण : धूर आणि इतर औषधे

तिसरे कारण फारसे परिचित नाही. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृतातील एका विशिष्ट विकराचे कार्य वाढते आणि त्यामुळे काही औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. विडी बंद होताच हा वेग थोड्याच दिवसांत पूर्ववत होतो, आणि औषधाची तीच मात्रा आता जास्त ठरते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफिलीन आणि तीव्र मनोविकारात दिले जाणारे क्लोझापीन ही याची ठळक उदाहरणे होत. थिओफिलीन अंगात वाढले म्हणजे मळमळ, छातीत धडधड, हातास कंप व निद्रानाश होतो. रुग्ण त्याचा दोष नव्या गोळीस देतो. चहा-कॉफीतील कॅफीनचेही असेच होते. पूर्वी पाच पेले चहा पचविणारा मनुष्य विडी सोडल्यावर तेवढाच चहा घेऊन रात्रभर जागा राहतो.

हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. म्हणून तो तंबाखू खाणाऱ्यास होत नाही. रुग्ण तंबाखू 'ओढतो' की 'खातो' हा क्रियापदाचा भेद येथे प्रत्यक्ष औषधाच्या मात्रेचा भेद ठरतो.

५. शब्दांची निवड

आता परिभाषेकडे वळू. छापील मराठीत 'दुष्परिणाम' हा शब्द रूढ आहे. बोलण्यात 'साइड इफेक्ट' आणि 'रिॲक्शन'. 'दुष्परिणाम' या शब्दातील उपसर्गच प्रत्येक परिणामास दुष्ट ठरवितो. आठवडाभरात ओसरणारी मळमळ आणि प्राणावर बेतणारा झटका या दोन्ही गोष्टी तो एकाच पारड्यात टाकतो. 'रिॲक्शन' हा शब्द तर पुरळापासून भोवळीपर्यंत कशासही वापरतात. 'औषध गरम पडले' या वाक्प्रचाराने तोंड आले, लघवीस जळजळ झाली, झोप गेली, असे कितीतरी अर्थ सूचित होतात.

परंतु मराठीत नेमकेपणा नाही असे म्हणणे चूक ठरेल. औषधाविषयी तीन क्रियापदे आपल्याकडे पूर्वापार आहेत : लागू पडणे, मानवणे आणि बाधणे. औषध लागू पडले, म्हणजे गुण आला. मानवले, म्हणजे शरीराने ते सामावून घेतले. बाधले, म्हणजे अपाय झाला. यांपैकी 'मानवणे' या क्रियापदात काळाची कल्पना गर्भित आहे. परगावचे पाणी पहिल्या दिवशी मानवत नाही, काही दिवसांनी मानवते. व्हॅरेनिक्लीनची मळमळ, बुप्रोपिऑनचा तोंडाचा कोरडेपणा, पट्टीची खाज ही 'अद्याप न मानवल्याची' लक्षणे होत. त्यांस 'सहपरिणाम' म्हणावे. झटका, चेहऱ्यास वा ओठांस सूज, फोडांसह येणारे पुरळ, छातीत दुखणे, आत्मघाताचे विचार ही 'बाधल्याची' लक्षणे होत. 'दुष्परिणाम' हा शब्द त्यांच्यापुरता राखून ठेवावा. ही लक्षणे दिसताच औषध थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. आणि तंबाखू सुटल्यामुळे होणारा त्रास तो 'त्यागलक्षणे'.

अशी विभागणी रुग्णास आधीच समजावून दिली, तर त्याचा प्रश्न बदलतो. 'औषध बाधले काय?' एवढ्याऐवजी 'हे न मानवणे आहे, बाधणे आहे, की तंबाखूची आठवण आहे?' असे तो विचारू लागतो. उत्तर अर्थातच डॉक्टरांनी द्यावयाचे. परंतु प्रश्न नीट विचारला गेला म्हणजे उत्तरही नीट मिळते.

६. व्यवहारातील उपयोग

भारतात औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे केंद्र २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय भेषजसंहिता आयोगाकडे आहे. रुग्णाने स्वतः भरावयाचा त्याचा अर्ज हिंदी, मराठी व इतर भारतीय भाषांत काढण्यात आला आहे. ही सोय स्वागतार्ह होय. मात्र त्या अर्जात रुग्ण कोणते शब्द लिहितो यावर नोंदीचे मोल अवलंबून राहते. 'रिॲक्शन आली' एवढ्याने काही बोध होत नाही. 'गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी, उपाशीपोटी घेतल्यावर मळमळ. विडी अद्याप चालू. दम्याची गोळी चालू' असे लिहिले तर तिन्ही कारणांचा विचार करता येतो.

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. त्याच जिल्ह्यात विडी वळणारे सिन्नर आहे आणि मराठीच्या निरनिराळ्या बोली नांदत आहेत. रुग्ण आपला त्रास कोणत्या शब्दांनी सांगतात याचा संग्रह बोलीनिहाय करावयाचा झाल्यास याहून सोयीचे क्षेत्र शोधून सापडणार नाही. भाषाशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हे काम मिळून करण्यासारखे आहे.

सारांश, तंबाखू सोडविणाऱ्या औषधांना परिणाम आहेत. त्यांतील काही क्वचित गंभीरही असतात. परंतु पहिल्या महिन्यातील त्रासाचा मोठा वाटा तंबाखूच्याच पदरात घालावा लागतो. वर उल्लेखिलेल्या परीक्षणात नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण व्हॅरेनिक्लीनच्या गटात सुमारे २२ टक्के, बुप्रोपिऑन व पट्टी यांच्या गटांत सुमारे १६ टक्के आणि औषधरहित गोळीच्या गटात सुमारे ९ टक्के होते. म्हणजे औषध घेऊनही पुष्कळांस यश येत नाही, हे खरे. पण औषधाने यशाची शक्यता दीडपटीहून अधिक, कधी दुपटीहूनही अधिक वाढते, हेही तितकेच खरे. ती शक्यता एका संदिग्ध क्रियापदापायी दवडली जाऊ नये. डॉक्टरांनी गोळी लिहून देतानाच मानवणे कशास म्हणावे, बाधणे कशास म्हणावे आणि त्याग कसा जाणवतो, हे रुग्णाच्या भाषेत सांगितले, तर त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.